पुरणपोळी फुटते, पुरण बाहेर येतं: तपासायला कुठून सुरुवात करायची

पोळी बिघडते ती ठराविक तऱ्हांनीच बिघडते. आपली तऱ्हा कुठली ते आधी नीट बघा. वरून सगळं 'पुरण बाहेर आलं' एवढंच दिसतं, पण मूळ वेगवेगळं असतं.

- लाटायला घेतल्याबरोबर मधोमध भोक पडतं आणि पुरण लाटण्याला चिकटतं.
- पोळी मोठी होते, पण पुरण मध्येच बसून राहतं. काठाला नुसती कणीक.
- याच्या उलट, पुरण काठाकडे धावतं आणि कड फोडून बाहेर येतं.
- लाटताना ठीक असते, पण उचलून तव्यावर टाकताना दुमडते, तुटते.
- तव्यावर फुगते, एका जागी फुटते, तिथलं पुरण जळतं. पुढची पोळी त्या काळ्या डागाला चिकटून तीही फाटते.
- फुटत नाही, पण गार झाली की चिवट होते आणि काठ कडक होतात.

होळी, पाडवा, बेंदूर, नागपंचमी, दसरा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे सण म्हटला की पोळी आलीच. मराठी घरात पुरणपोळी, कन्नड घरात होळगी, आणि आमच्या गल्लीत दोन्हीकडची ताटं एकमेकांकडे जातात. त्यामुळे सणाच्या सकाळी मला हाका येतात त्या दोन्ही भाषांत, आणि तक्रार एकच: फुटतंय. बहुतेकींची समजूत अशी की आपला हात लाटायला बसलेला नाही. माझ्या पाहण्यात लाटण्याचा दोष सगळ्यांत कमी वेळा निघतो. दोष पोळपाटावर येण्याआधीच पुरणात नाहीतर कणकेत शिरलेला असतो. नव्या मुली चार फाटलेल्या पोळ्यांवरून 'मला नाही जमायचं' म्हणतात आणि कायमच्या विकत आणायला लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खालचा क्रम फुकटात होणाऱ्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो. एक गोष्ट बघा, दुरुस्त करा, एक पोळी लाटा, मगच पुढे जा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

१. पुरण आणि कणीक, दोन्हींत बोट दाबा

पुरणाचा गोळा आणि कणकेचा गोळा शेजारीशेजारी ठेवा आणि दोन्हींत एकाच जोराने बोट दाबा. दोन्हींत बोट सारखंच खोल गेलं पाहिजे. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ, आणि पुरणही तेवढंच मऊ. निम्म्याहून जास्त पोळ्या मी एवढ्यावरच सुधारलेल्या बघितल्यात.

याचं कारण सोपं आहे. लाटताना आतला आणि बाहेरचा थर एकाच वेगाने पसरायला हवा. पुरण घट्ट असेल तर ते जागचं हलत नाही. त्याच्यावरची कणीक मात्र ताणली जाते, पातळ होते आणि मधोमध फाटते. पुरण सैल असेल तर ते कणकेच्या पुढे पळतं आणि कड फोडतं. वर लिहिलेल्या पहिल्या तीन तऱ्हा इथेच ओळखता येतात.

बोट लावायचं ते पुरण पूर्ण गार झाल्यावर. गरम पुरण नेहमी सैल वाटतं, गार होता होता घट्ट होतं. फ्रिजमधलं पुरण तर दगडच. शेजारच्या गल्लीतल्या एका सूनबाईने मला बोलावलं, "काकू, पुरण एकदम झकास झालंय, तरी फुटतंय बघा की ओ." चव खरंच झकास होती. पण पुरण रात्रीचं, फ्रिजमधून काढून तसंच घेतलेलं, आणि कणीक मात्र हाताला लागेल इतकी सैल. पुरण तासभर बाहेर ठेवलं, मग चमचाभर कोमट दूध घालून हातानं मळलं. कणीक थोड्या पिठावर पुन्हा मळून झाकून ठेवली. त्यानंतरची एकही पोळी फुटली नाही.

पुरण घट्ट असेल तर चमचा-चमचा दूध किंवा येळवणी, म्हणजे शिजलेल्या डाळीचं निथळलेलं पाणी, घालून मळा. सैल असेल तर परत गॅसवर चढवा, ते पुढे सांगते. सैल पुरणात पीठ मात्र घालत बसू नका. कच्च्या पिठाची चव येते, आणि पाणी आतच राहिल्यामुळे तव्यावर पोळी फुटायची ती फुटतेच.

२. उंडा (पुरण भरलेला कणकेचा गोळा) कसा भरता, कसा बंद करता

कणकेच्या गोळ्याच्या दुप्पट पुरण, हे माप सवय झालेल्या हातासाठी. शिकताना दोन्ही गोळे सारखे घ्या. पारी, म्हणजे पुरण भरायची कणकेची वाटी, करताना मध्य जाड आणि काठ पातळ ठेवा, कारण काठ वर गोळा होऊन एकमेकांवर येतात. तोंड बंद केल्यावर जो शेंडा उरतो तो चिमटीने काढून टाका. तो तसाच दाबला तर त्या जागी कणकेची जाड चकती राहते, पोळी एका बाजूला कमी पसरते आणि दुसऱ्या बाजूला फाटते. काठाला तेल किंवा सुकी पिठी लागली असेल तर तोंड मिटतच नाही. वरून मिटल्यासारखं दिसतं आणि तव्यावर उघडतं.

लाटणं लगेच उचलू नका. उंडा आधी बोटांनी थापून तळहाताएवढा करा, म्हणजे पुरण काठापर्यंत पोचतं. मग हलक्या हाताने, मधून काठाकडे लाटा. पिठी म्हणून तांदळाचं पीठ चांगलं. ते कणकेत मुरत नाही, पोळी पोळपाटावर सरकत राहते.

ज्यांना लाटणं अगदीच जमत नाही त्यांनी आमच्या कन्नड शेजारणींची रीत धरावी. त्या तेल लावलेल्या केळीच्या पानावर हातानेच होळगी थापतात, पानासकट तव्यावर उपडी करतात आणि पान अलगद सोलून घेतात. उचलताना तुटण्याचा प्रश्नच राहत नाही. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही. पान नसेल तर बटर पेपर घ्या. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक तापल्या तव्याजवळ नेऊ नका, ते वितळून पोळीला लागतं.

३. आच

फक्त तव्यावरच फुटत असेल तर आधी आच बघा, यालाही पैसे लागत नाहीत. तवा फार तापलेला असला की कणीक लगेच कडक होते, आतल्या पुरणाची वाफ धरते आणि वाफेला जिथे पातळ जागा मिळते तिथून ती फोडून निघते. तवा मध्यम तापवा. पोळी टाकल्यावर वरच्या बाजूचा रंग बदलून बारीक फोड यायला लागले की मगच उलटा. त्याआधी कालथ्याने डिवचू नका, दाबू तर मुळीच नका. तूप उलटल्यावर सोडायचं. दर दोन पोळ्यांनी तव्यावरची जळकी पिठी कापडाने पुसून घ्या.

४. कणकेला वेळ दिला का

मळून अर्ध्या तासात लाटायला घेतलेली कणीक ओढल्यावर मागे येते किंवा तुटते. गव्हात ग्लूटेन तयार करणारी प्रथिनं असतात. पाणी पिऊन, मळून त्याचं जाळं होतं आणि त्या जाळ्यामुळे कणीक न फाटता ताणली जाते. पण मळल्याबरोबर ते जाळं आखडलेलं असतं, सैल व्हायला त्याला वेळ लागतो. दोन तास झाकून ठेवा. चिमूटभर मीठ घाला, त्याने जाळं बळकट होतं. तेल अगदी शेवटी, तेलाचा हात लावून चांगली तिंबून घ्या. सुरुवातीलाच भरपूर तेल घातलं तर पिठाला पाणी नीट मिळत नाही.

परीक्षा अशी: लिंबाएवढी कणीक दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचं बोट धूसर दिसेल इतकी पातळ होऊनही फाटली नाही तर कणीक तयार. तुकडा पडला तर आणखी तिंबा, आणखी ठेवा.

पावसाळ्यात खानापूर-कणकुंबीकडे हवेतच इतकी ओल असते की डब्यातलं पीठही ओल धरतं. तेव्हा नेहमीच्या मापाने पाणी ओतू नका, थोडं हातचं राखून घाला. उन्हाळ्यात अथणीकडे उलट, कणीक झाकली नाही तर वर पापुद्रा धरतो, आणि पोळी तडकते ती त्या पापुद्र्यापासूनच.

५. पुरणात पाणी किती, कण किती

गूळ डाळीत पडला की विरघळून पुरण एकदम पातळ होतं. तिथून ते आटवून चटका द्यावा लागतो. बऱ्याच जणी गूळ विरघळला की गॅस बंद करतात, आणि सैल पुरणाचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण. पुरण पातेल्याच्या कडा सोडायला लागलं आणि मधोमध रोवलेला कालथा आधाराशिवाय उभा राहिला की झालं. नागपंचमीच्या सुमाराला गूळ पाघळलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत आटवायला जास्त वेळ लागतो. लांब दांड्याचाच कालथा घ्या. दाट झालेलं पुरण फटफट उडतं आणि गुळामुळे कातडीला चिकटून राहतं. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीसेक मिनिटं हात धरा, आणि मोठा फोड आला तर डॉक्टरांना दाखवा. हळद-पिठाचे लेप नकोत.

मग कण. पुरणात अख्ख्या डाळीचा एक दाणा राहिला तरी लाटताना तो कणकेला भोक पाडतो. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झाल्यावर ते फिरत नाही. पाट्यावर वाटत असाल तर शेवटी बोटांत चोळून बघा. वेलदोड्याची सालं हा असाच न दिसणारा दोष. सालासकट कुटलेली वेलची चाळून घ्या. जायफळ किसूनच घाला.

६. डाळच शिजली नसेल तर

पुरण वाटूनही रवाळ राहतंय, तर यंत्राला दोष देऊ नका, मागे जाऊन डाळीकडे बघा.

पहिली गोष्ट गुळाची. डाळ पूर्ण शिजण्याआधी गूळ घातला तर ती पुढे मऊ होत नाही. दुसरी, पाणी. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं आणि डाळ तासभर उकळली तरी टणक राहते. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं नळाचं पाणी येतं तेव्हा पुरणासाठी एक कळशी बाजूला काढून ठेवा. गावाकडे बोअरच असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा शुद्धीकरण केंद्राचं पाणी आणा. चिमूटभर खायच्या सोड्यानेही डाळ शिजते, पण हात जरा जड पडला की साबणासारखी चव येते आणि ती येळवण्याच्या आमटीतही उतरते. म्हणून सोडा मला आवडत नाही.

तिसरी, उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजवणाऱ्यांना त्यामुळे कोकणातल्या बहिणीपेक्षा जास्त वेळ लागणार, तिच्या वेळेवर विसंबू नका. डाळ दोन तास भिजवून कुकरला लावली तर हा प्रश्न उरत नाही. कुकर निम्म्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल घाला. हरभऱ्याच्या डाळीला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो.

शिजलेली डाळ येळताना घाई नको. चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. इथे राहिलेलं पाणी पुढे आटवत बसावं लागतं, गॅस जातो आणि पुरण खाली लागतं.

एवढं करूनही शिजत नसेल तर डाळ जुनी आहे. वर्षभर उष्ण-दमट जागी राहिलेली डाळ कितीही उकळली तरी मऊ होत नाही. ती आमटी-उसळीला वापरण्यातही अर्थ नाही, दळून बेसन करा आणि नवी डाळ आणा.

७. पीठ

इथून खर्च सुरू होतो, म्हणून हे उशिरा. पण आमच्या भागात एक कारण असं आहे की ते शहरातल्या पाकिटातल्या पिठावाल्यांना कळणार नाही. आमच्याकडे रोज भाकरी, त्यामुळे गिरणीत दिवसभर ज्वारी. ज्वारीवर गहू दळला की जात्यात अडकलेलं ज्वारीचं पीठ आपल्या डब्यात येतं. ज्वारीत ग्लूटेन नाही. मूठभर आलं तरी चपातीला फारसं कळत नाही, पोळीला मात्र लगेच कळतं, कारण पोळीची कणीक चपातीपेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते. दोन तास ठेवून, तिंबूनही कणीक तुटत असेल तर पिठाचा रंग बघा, आणि पुढच्या वेळी गिरणीत उभं राहून सांगा, "दादा, गव्हावर गहू घाला." तो थांबायला लावेल, थांबा. आणि दळण गरम असताना डबा घट्ट लावू नका, आत घाम सुटतो.

गहूही बघा. खपली आमच्या पट्ट्याचा जुना गहू. खिरीला, हुग्गीला त्याच्या तोडीचं काही नाही, पण त्याचं ग्लूटेन कमजोर, कणीक ताण सहन करत नाही. आरोग्यासाठी म्हणून हल्ली अनेकजणी खपलीच्या पोळ्या करायला जातात आणि फुटल्या की खचतात. निम्मा लोकवन गहू मिसळा, पोळी थोडी जाड लाटा. बारीक चाळलेली कणीक तीन भाग आणि मैदा एक भाग हे शिकायला सोपं मिश्रण. कन्नड घरात मैद्याबरोबर चिरोटी रवा घालतात, तोही छान ताणतो, पण त्याला भिजायला जास्त वेळ द्यावा लागतो. नुसत्या मैद्याची पोळी फुटत नाही हे खरं, पण गार झाल्यावर चिवट होते. ही वरची सहावी तऱ्हा.

अर्धा किलो डाळीला अर्धा किलो गूळ आणि अर्धा किलो पीठ धरलं तर मध्यम आकाराच्या पंचवीसेक पोळ्या होतात. शिकताना याच्या पाव मापानेच करा.

शेंगाच्या पोळीचं वेगळं

शेंगाची पोळी किंवा गूळपोळी फुटत असेल तर वरचं निम्मं लागू होत नाही. त्यात सारण कोरडं असतं आणि गूळ तव्यावर वितळून फटीतून निघतो. गूळ बारीक किसा, गाठ राहू देऊ नका. चिकीचा गूळ वापरू नका. सारणात खमंग भाजलेलं बेसन घाला म्हणजे वितळलेला गूळ ते धरून ठेवतं. आच पुरणपोळीपेक्षाही मंद. बटाट्याच्या पराठ्याला मात्र बोट दाबायची परीक्षा तंतोतंत लागू आहे, आणि मुळ्याच्या सारणात मीठ अगदी भरताना घाला, आधी घातलं की पाणी सुटतं.

कधी थांबायचं

पुरण दोनदा आटवूनही सैल राहिलं तर तिसऱ्यांदा चढवू नका, ते करपतं आणि कडू होतं. त्याचे दिंड करून वाफवा. पुरण घट्ट असेल तर कडबू तळा. सैल पुरणाचा कडबू कधीही तळू नका, तो तेलात फुटतो आणि उकळतं तेल अंगावर येतं.

घरात कार्य आहे, शंभर माणसं जेवायची आहेत आणि पोळी अजून हाताला बसलेली नाही, तर त्या दिवशी शिकू नका. पोळ्या करून देणाऱ्या बायका आपल्या भागात गावोगावी आहेत. आठवडाभर आधी सांगा, पुरण त्यांच्याच हातचं घ्या, आणि जमलं तर त्यांच्या शेजारी बसून उंडे भरायला मदत करा.

तवा मध्ये फुगला असेल आणि पोळी नेहमी एकाच जागी जळत असेल तर घरी ठोकत बसू नका. लोखंडी असेल तर लोहाराकडून सरळ करून घ्या, नॉनस्टिक असेल तर बदला. मिक्सरमध्ये दाट पुरण फिरवताना जळका वास आला तर लगेच बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या, पाणी ओतून रेटू नका. कुकरची शिट्टी येत नाही किंवा बाजूने वाफ जाते असं दिसलं तर गॅस बंद करून तो पूर्ण गार होऊ द्या, मगच झाकण काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर त्याच कंपनीचा नवा दुकानातून बसवून आणा.

ज्योत पिवळी पडली आहे, तव्याची पाठ काजळी धरते आहे, तर बर्नर गार असताना काढून भोकं साफ करा. तरीही पिवळीच राहिली तर शेगडीच्या मिस्त्रीला बोलवा, आतल्या जेटला स्वतः तारा घालू नका. आणि गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या कुठल्याच बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन १९०६ या गॅस मदत क्रमांकावर फोन करा. माणूस येऊन तपासून जाईपर्यंत शेगडी पेटवायची नाही, मग सण असला तरी.